निजलेल्या लेकराची राखण

वाचन: १ राजे ३:१६–२८



शलमोनाच्या न्यायाची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो आहोत. राजाने तलवार मागवली आणि खरी आई ओळखली, एवढे सर्वांना आठवते. पण भांडण कशावरून लागले? रात्री झोपेत एका आईचे अंग तिच्या बाळावर पडले आणि ते बाळ दगावले. अठरावे वचनही पाहा. दोघी नुकत्याच बाळंत झालेल्या, आणि घरात तिसरे माणूस नाही. सासू नाही, सुईण नाही, शेजारीण नाही.

राजाने जिवंत बाळ त्याच्या आईच्या हाती दिले. झोपेत बाळ दगावले म्हणून दुसरीला शिक्षा झाली, असे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. आपण मात्र ती शिक्षा सहज देतो.

किनवट आणि माहूर तालुक्यांतल्या कोलामांच्या पोडांवर, गोंड व आंध बांधवांच्या वस्त्यांवर काम करताना मी हे ऐकते. निजवलेले लेकरू सकाळी उठले नाही, की कोणी करणी म्हणतो, कोणी नजर म्हणतो, आणि शेवटी बोट आईकडे वळते. लातूरच्या जळकोटकडून, नांदेडच्या मुखेड-कंधारकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचेही तसेच आहे. एका कोपीत सगळे घर झोपते आणि पहाटे फडात जायचे असते. अशा दमलेल्या बाईला दोष देऊन पुढचे लेकरू वाचत नाही. तिला काय सांगावे आणि काय द्यावे, ते आपण शिकू या.

बाळाला उताणे निजवा. रात्री आणि दिवसाही. इंग्लंडमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली आईबापांना हे सांगण्याची मोहीम निघाली, आणि बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू पुढे जवळजवळ निम्म्यावर आले. यासाठी पैसा लागत नाही.

बाळ आईच्या हाताशी, पण स्वतःच्या अंथरुणावर असावे. सपाट, घट्ट घडीची गोधडी पुरे. उशी नको, तोंडावर पदर किंवा पांघरूण नको. थंडीत अंगभर कपडे घालावेत, नाक-तोंड उघडे ठेवावे. दारू प्यालेल्या माणसाच्या शेजारी बाळ कधीही निजवू नये. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला तर फार जपावे.

लुगड्याची झोळी नजरेसमोरच असावी. खोल झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. झोळीत झोप लागली तर उचलून सपाट जागी निजवावे.

बंद खोपटात शेगडी ठेवू नये. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचावी. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश दुखत नाही, म्हणून झोपेत कळतही नाही. शंका आली तरी मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, १०८ ला फोन करावा.

झोपेसाठी कसलेही औषध देऊ नये. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांतल्या बाया कामावर जाताना लेकरांना अफूची बाळगोळी देत. ती त्यांची हौस नव्हती. लेकरू सांभाळायला घरी कोणी नव्हते. पण अफूने श्वास मंदावतो.

घरोघरी जाऊन शिकवल्याने लेकरे वाचतात, हे आपल्याच राज्यात दिसून आले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि बालमृत्यू झपाट्याने उतरले. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्या सहा भेटींच्या मधल्या रात्री आपल्या आहेत.

महिला संघात चर्चेसाठी

१. आपल्या गल्लीत सध्या कोण बाळंतीण आहे? तिच्याजवळ रात्री कोण असते?
२. लेकरू गमावलेल्या आईशी आपण काय बोलतो?
३. या तिमाहीत आपण किती मच्छरदाण्या देऊ शकतो?

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, तुझ्या पुत्राला गव्हाणीत निजवले तेव्हा मरीयेजवळ योसेफ होता. एकट्या पडलेल्या प्रत्येक बाळंतिणीजवळ आम्हाला पाठव. ज्यांची कूस रिकामी झाली त्यांना दोष देण्यापासून आमची जीभ आवर. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.