सळई वाचतोस, सदरा का नाही?

दिवाळीच्या कपड्यांचा विषय काढलासच, तर ऐक बाळा. आपल्या कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळई घेणारा आधी तिच्यावर उठवलेलं नाव आणि ग्रेड वाचतो. सदरा घेताना मात्र आपण रंग बघतो आणि किती टक्के सूट ते बघतो.

लेबल नीट वाच. ‘मार्केटेड बाय’पुढे मुंबई-बंगळूर असेल तर ते नुसतं हापिस. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ शोध. टी-शर्टावर तिथे बहुतेक तिरुपूर निघेल. पण कापड विणलं कुणी, हे त्यावरही नसतं. मी गिरणीत साच्यावर उभा राहिलेला माणूस, म्हणून मला तेच आधी आठवतं. १९८२च्या संपानंतर आमचे साचे थंडावले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग धडधडतच राहिले. तिथे पुष्कळांना मजुरी मीटरवर मिळते, फंड-ग्रॅच्युइटीचं नाव नाही. तेव्हा ‘मेड इन इंडिया’ वाचलं की सगळं आलबेल, असं समजू नकोस.

‘मेड इन बांगलादेश’ वाचून नाकही मुरडू नकोस. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची इमारत कोसळली, अकराशेवर माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी शिवणकामगारांना आत धाडलं. त्यानंतरच मोठ्या ब्रँडांनी कामगार संघटनांशी इमारतींच्या सुरक्षेचा करार केला. तिथे शिवण करणाऱ्या बायांचा माल टाकून दिला तर चूल त्यांचीच विझेल. बघायचं ते हे, की आपला ब्रँड कारखान्यांची यादी जाहीर करतो का. वेबसाइट उघड, तुला ते दोन मिनिटांचं काम.

तुझ्या आईला येवल्याची पैठणी हवी आहे. पदर उलटा करून बघ. हातमागाची असेल तर मोर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ; यंत्रावरची असेल तर बहुधा मागे धागे कापलेले किंवा लोंबते. २००६पासून हँडलूम मार्कही आहे, तो माग. हातमागाची पैठणी दोन-तीन हजारांत देतो म्हणणाऱ्याच्या दुकानातून सरळ बाहेर पड.

तुला मात्र दोनच जोड पुरेत. शिवणीत आत माया सोडलेली बघून घे. पोट सुटलं की उसवता येते. त्यातला एक इथल्याच शिंप्याकडे शिव. घटस्थापनेआधी कापड टाक, आणि शिलाईत घासाघीस करू नकोस.