भाकरी चालते, पण तवा कोणता?

घरात कुणाला सीलिॲक आजार किंवा गव्हाची ॲलर्जी असेल, तर बाहेर जेवायचं ठरलं की आधी ‘ग्लुटेन-फ्री’ची पाटी शोधली जाते. त्या पाटीचेही पैसे पडतात. दुकानात ग्लुटेनमुक्त ब्रेड साध्या ब्रेडच्या कितीतरी पट महाग, मग कॅफेतलं सँडविच स्वस्त कुठून मिळणार? ज्वारी, नाचणी, तांदूळ यांत मात्र गव्हातलं ग्लुटेन मुळातच नसतं. त्यामुळे पिठलं-भाकरीच्या थाळीला निव्वळ पाटीपायी जादा मोजू नका. जादा मोजायचेच तर वेगळ्या तव्याचे, वेगळ्या तेलाचे मोजा.

‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, असा एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. ताटात कणकेची चिमूट पडली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. आणि ती चिमूट पडायला वाटा भरपूर. गिरणीत गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली, की पीठ तिथेच बिघडलं. भाकरी पोळीच्याच तव्यावर पडते. साबुदाणावडा सामोशाच्या तेलात तळला जातो. डब्यातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, आणि हिंग तर वरणापासून सांबारापर्यंत सगळीकडे. थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरी गहू असतो. मालवणी खाणावळीत मासा रव्यात घोळवलाय की तांदळाच्या पिठात, हे विचाराच. रवा म्हणजे गहूच. चायनीजमधल्या सोया सॉसमध्येही बहुतेक वेळा गहू असतो.

हे सगळं विचारायला हॉटेलात फोन दुपारी तीन-चारला करा, गर्दीच्या वेळी कुणाला उत्तर द्यायला सवड नसते. ‘डाएट आहे’ म्हणू नका, वेटर ते हौसेत जमा करतो. ‘गहू पोटात गेला तर आजारी पडतो’ असं स्पष्ट सांगा. मराठी-हिंदीत चिठ्ठी लिहून थेट आचाऱ्याकडे पाठवलेली उत्तम. फुकटात होणारा एवढाच उपाय, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा.

शेंगदाणे, काजू-बदाम, दूध किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना मात्र ‘ग्लुटेन-फ्री’ची पाटी उपयोगाची नाही. ग्लुटेनमुक्त केकमध्ये मैद्याऐवजी अनेकदा बदामाचं पीठच असतं. उपवासाच्या पदार्थांत गहू नसतो, पण दाण्याचं कूट हमखास. ॲलर्जीची रिॲक्शन काही मिनिटांत जिवावर बेतू शकते. डॉक्टरांनी ॲड्रेनालिन दिलं असेल तर ते पर्समध्ये हवं, गाडीत नको. सीलिॲकचं उलट आहे: त्रास जाणवला नाही तरी आतड्याची हानी होत राहते, म्हणून ‘मागच्या वेळी काही झालं नाही’ हा पुरावा धरू नये.

दहा किंवा अधिक शाखांच्या साखळी हॉटेलांना ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं २०२०च्या लेबलिंग नियमांनी बंधनकारक केलं आहे. ती हक्काने मागा. कोपऱ्यावरच्या खाणावळीला हा नियम लागू नाही, तिथे भिस्त प्रश्नांवरच.

बिलात साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, तो आपोआप लावला असेल तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वेगळा तवा खरोखर घासून वापरणाऱ्या आचाऱ्याला मात्र तेच पैसे टीप म्हणून हातात द्या.