शहराची उपनगरे : परिसर-अभ्यासाचा एक पाठ
(इयत्ता पाचवी ते सातवीसाठी)

भोर व वेल्हे भागांतील कोणत्याही वर्गात "पुण्यास कोणाचे कोण राहते?" असे विचारले असता बहुतेक हात वर होतात. कोणाचा चुलता, कोणाचा मामा, कोणाचा थोरला भाऊ. "पुण्यात नेमके कोठे?" असे पुढे विचारले की पुष्कळ हात खाली येतात. मुलांच्या मनात पुणे हे एकच, अखंड गाव असते. प्रस्तुत पाठाचा आरंभ या दुसऱ्या प्रश्नापासून करावा.

पाठाचा हेतू

शहराच्या मूळ वस्तीबाहेर वाढलेल्या भागास उपनगर म्हणतात, ही व्याख्या मुले लगेच पाठ करतील. परंतु एका उपनगरातील दिवस दुसऱ्यातील दिवसासारखा नसतो आणि हा फरक काम, पाणी, वाहतूक व शेजार या चार गोष्टींनी पडतो, हे त्यांस उमगले पाहिजे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण पुढे शिक्षणासाठी वा चरितार्थासाठी शहरात जातील. खोली कोठे घ्यावी या एका निर्णयावर त्यांच्या मिळकतीचा व दिवसाचा मोठा भाग अवलंबून राहील. तेव्हा हा विषय केवळ परीक्षेपुरता नव्हे.

विषयविवेचन

१. कात्रज, आंबेगाव, धनकवडी : भोरहून कापूरहोळ, नसरापूर, खेड शिवापूर करीत निघालेली एस.टी. घाट उतरली की प्रथम कात्रज लागते. येथील तलावातून पेशवेकाळी नळाने शहरातील हौदांस पाणी जात असे. या पट्ट्यात आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे स्थायिक झाली आहेत, आणि त्याचे कारण साधे आहे : गाव जवळ पडते. येथे शेजारी आपल्याच तालुक्यातील भेटतो, गावच्या यात्रेची वर्गणी येथेच जमते. मात्र अशा भागांत घरे आधी उभी राहतात व रस्ते, नळ, गटारे मागाहून येतात. आंबेगाव व धायरी २०१७ साली, तर नऱ्हे व नांदेड २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. वस्ती त्यापूर्वीच दाटली होती.

२. सहकारनगर व पर्वती परिसर : वेल्हे तालुक्यात आंबी नदीवर बांधले जात असलेले पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि नदीकाठचे जुने पुणे पाण्याखाली गेले. बेघर झालेल्या कुटुंबांसाठी शहराबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्थांनी सहकारनगरचा परिसर वसविला. याच भागात, पर्वतीच्या उतारावर, जनता वसाहतीची दाट वस्ती आहे. तेथील घर लहान, परंतु रोजचे काम पायी जाण्याच्या अंतरावर. दूरचे मोठे घर की जवळचे लहान घर, हा हिशेब शहरात प्रत्येकास करावा लागतो.

३. कर्वेनगर व कोथरूड : १९०० साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपला आश्रम गावाबाहेर हिंगणे येथे एका झोपडीत हलविला. महाविद्यालयातील अध्यापन आटोपून ते चिखलवाट तुडवीत तेथे पायी जात. आज तोच भाग कर्वेनगर म्हणून शहराच्या पोटात आहे, आणि शेजारच्या कोथरूडमधील वनाझ येथून २०२२ पासून मेट्रो धावते. एकेकाळचे 'गावाबाहेर' कसे 'गावात' येते, हे मुलांस यावरून दाखविता येईल.

४. पिंपरी-चिंचवड : १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला व पुढे या भागात कारखानदारी वाढत गेली. १९८२ साली येथे स्वतंत्र महानगरपालिका झाली. येथील अनेक घरांत जेवण, झोप व सणवार पाळीच्या वेळेवर ठरतात. स्वारगेटला उतरणाऱ्या आपल्या माणसास सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोने थेट पिंपरीस जाता येते.

५. हडपसर : येथील मगरपट्टा भागात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली जवळजवळ ४०० एकर जमीन तुकड्यातुकड्याने न विकता एकत्र केली, कंपनी स्थापून तीत भाग घेतले व स्वतःच नगर उभारले. महामार्गालगतच्या आपल्या गावांतही आज जमिनीस गिऱ्हाईक येते. म्हणून हे उदाहरण वरच्या वर्गांत अवश्य सांगावे.

पाण्याचा धागा

या सर्व उपनगरांस आपल्या खोऱ्यांशी जोडणारा धागा पाण्याचा आहे. पानशेत व वरसगाव ही वेल्हे भागातील धरणे. त्यांचे पाणी खडकवासल्यास येते व तेथून पुण्यास जाते. त्यासाठी आपल्याकडील कित्येक गावे उठली. ज्या मुलाच्या आजोबांचे शेत पाण्याखाली गेले, त्याचा चुलता त्याच पाण्याच्या नळाची वाट पाहत धायरीस उभा असू शकेल. धरण जवळ असले म्हणजे पाणी चांगले मिळतेच असेही नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बारी नामक मज्जातंतूंच्या विकाराचे बरेच रुग्ण आढळले. दूषित पाण्याचा संशय आल्याने रहिवाशांस पाणी उकळून पिण्यास सांगण्यात आले. शुद्ध पाण्याचा आरोग्याचा पाठ येथे सहज जोडता येईल.

वर्गकार्य

प्रत्येक विद्यार्थ्याने शहरातील एका आप्तास पत्र लिहून अथवा दूरध्वनीवरून चार प्रश्न विचारावेत : कामास जाण्यास किती वेळ व कोणते वाहन लागते? पाणी कोठून व किती वेळ येते? शेजारी कोणत्या गावचे? गावाकडील कोणत्या गोष्टीची उणीव भासते? उत्तरांचा तक्ता फळ्यावर मांडावा व पुण्याच्या नकाशावर त्या त्या उपनगरावर खूण करावी. ज्याचे कोणी शहरात नाही, त्याने शेजाऱ्याच्या आप्ताकडून माहिती घ्यावी.

शिक्षकांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. उपनगरांची प्रतवारी लावू नये. झोपडवस्तीत राहणाऱ्या आप्ताचे नाव सांगताना एखादे मूल अडखळेल. त्याच्या उत्तरास इतरांइतकाच मान द्यावा. तसेच शहर म्हणजे सुखाचे आगर किंवा शहर म्हणजे नाश, अशी दोन्ही टोके टाळावीत. तक्ता जे सांगेल तेच मुलांस वाचू द्यावे.

स्वाध्याय

१. कात्रज भागात आपल्याकडील कुटुंबे अधिक का, ते सांगा.
२. १९६१ च्या पुरामुळे पुण्याची वाढ कोणत्या दिशेने झाली?
३. काम हडपसरला व स्वस्त खोली नऱ्ह्याला मिळत असेल, तर राहण्याचे ठिकाण ठरविण्यापूर्वी कोणकोणती चौकशी कराल?

तिसऱ्या प्रश्नास एकच बरोबर उत्तर नाही. विद्यार्थी कोणती चौकशी सुचवितो, हे पाहून गुण द्यावेत. पुढे खरोखर खोली शोधण्याची वेळ येईल, तेव्हा हीच चौकशी त्याच्या उपयोगी पडेल.