पंपाच्या बेअरिंगची नाडीपरीक्षा

ऐन पाण्याच्या पाळीस पंपाची मोटर अडली म्हणजे पिकाची हानि होते. परंतु बेअरिंग एका दिवसांत झिजत नाहीं. त्याच्या कंपनांत बिघाडाची सूचना बहुधा आधींच मिळते.

मिनिटास १४४० फेरे घेणारी मोटर सेकंदास २४ फेरे घेते. बेअरिंगमध्यें ९ छर्रे असून बाहेरील कड्यास खाच पडली, तर सेकंदास सुमारें ८६ ठोके पडतात. आंतील कड्यास पडल्यास सुमारें १३०. हे ठोके प्रथम इतर गलक्यांत लोपतात. म्हणून उच्च कंपनें गाळून घेऊन त्यांच्या चढउताराची रेषा काढावी, व तिजवर शीघ्र फूरिए गणित करावें. म्हणजे ठोक्यांची संख्या स्पष्ट दिसते. कूली व टुकी यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेली ही रीत पायथन भाषेंतील ‘सायपाय’ या खुल्या व मोफत आज्ञावलींत तयार मिळते.

मोटर निर्दोष असतांना एक नोंद ठेवावी. पुढें दरमहा त्याच जागीं व त्याच भारावर दुसरी घ्यावी. ठोक्यांचें शिखर वाढत गेल्यास पाळीपूर्वींच बेअरिंग बदलावें. पाण्यांत बुडालेल्या मोटरीस मापक लावणें कठीण. ही रीत काठावरील मोटरीची आहे. आज्ञावलीस मोल नाहीं, मापकास आहे. तो गांवानें मिळून एक घ्यावा, असें आम्ही सुचवितों.