फीड : संकेतस्थळाची वर्दी

संकेतस्थळावर उत्तम लेख लिहिला, तरी वाचकास त्याची वर्दी कशी पोचावी? त्यासाठी ‘फीड’ असते. फीड म्हणजे संकेतस्थळाने ठेवलेली एक यादी. तीत प्रत्येक नव्या लेखाचे शीर्षक, दुवा, सारांश व दिनांक ठराविक पद्धतीने नोंदलेले असतात. वाचकाचे ‘फीड रीडर’ ती यादी वरचेवर तपासते आणि नवे ते त्याच्यापुढे ठेवते.

१९९९ साली नेटस्केप कंपनीने ‘आरएसएस’ हा फीडचा नमुना प्रसिद्ध केला. २०१३ साली ‘गूगल रीडर’ बंद पडले. फीड मात्र टिकले, कारण ते कोणा एकाच्या मालकीचे नव्हते.

येथे काय वाचावे हे वाचकच ठरवितो. म्हणून शीर्षक खरे व सारांश नेमका असावा. वाचकाचा विश्वास हीच लेखनाची खरी प्रसिद्धी होय.