लायसन्स राज्याचं, कागद तुझे

सोनू,

व्हिसा झाला, आता तू कॅलिफोर्नियात सायकॉलॉजीची डॉक्टरेट करायला येणार. अभ्यासाचं मी काही बोलणार नाही, त्याला तुझे प्रोफेसर समर्थ आहेत. पण लायसन्सचा विषय विद्यार्थी शेवटच्या वर्षापर्यंत टाळतात आणि मग धावाधाव करतात. म्हणून या चार गोष्टी आधीच कानात घालून ठेवते.

आधी राज्य बघ. अख्ख्या अमेरिकेत चालणारं सायकॉलॉजिस्टचं लायसन्स नसतंच. कायदा राज्याचा, बोर्डही राज्याचं. कनेक्टिकटने १९४५ मध्ये पहिला कायदा केला, मिझुरीने सगळ्यात शेवटी, १९७७ मध्ये. प्रत्येकाने आपापल्या मताने नियम घातले, ते आजही एकमेकांशी जुळत नाहीत. कॅलिफोर्नियाला देखरेखीखालच्या कामाचे ३००० तास लागतात, त्यातले किमान १५०० डॉक्टरेटनंतरचे. न्यूयॉर्क दोन वर्षांचे मिळून ३५०० मागतं. काही राज्यं डॉक्टरेटनंतरचं वर्ष मागतच नाहीत. पुढे नोकरी किंवा लग्न तुला कुठे नेईल ते आज सांगता येत नाही, म्हणून सगळ्यात कडक राज्याच्या मापाने तयारी कर. इंटर्नशिपही एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, मान्यता असलेलीच धर, मग पगार थोडा कमी असला तरी चालेल. मान्यता नसलेल्या जागेचा खुलासा पुढे प्रत्येक बोर्डाला देत बसावं लागतं.

एम.फिल.वर विसंबू नकोस. भारतात रिहॅबिलिटेशन कौन्सिलची मान्यता असलेल्या एम.फिल.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होते. इथे बहुतेक राज्यांत त्या पदवीवर ते नाव लावता येत नाही, डॉक्टरेटच लागते. व्हरमाँट, वेस्ट व्हर्जिनियासारखी मास्टर्सवर लायसन्स देणारी राज्यं मोजकीच. लायसन्स हातात येईपर्यंत स्वतःला ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेणं कायद्याने चालत नाही. गणेशोत्सवात महाराष्ट्र मंडळ तुझं भाषण ठेवेल आणि पत्रकावर कौतुकाने तसं छापेल. छपाईआधी पत्रक मागवून घे आणि ‘डॉक्टरेटची विद्यार्थिनी’ असं करायला लाव. वाईट वाटून घेणार नाहीत, आणि घेतलं तरी चालेल.

पहिल्या दिवसाआधी करार. कॅलिफोर्नियात तासांची मोजणी सुरू होण्यापूर्वी सुपरवायझरबरोबर लेखी करार लागतो. मागाहून केलेल्या सहीवर आधीचे तास पदरात पडत नाहीत. आठवड्याला जास्तीत जास्त ४४ तास धरतात. कामाच्या दहा टक्के वेळ देखरेखीचा हवा, आणि त्यात किमान एक तास सुपरवायझर नि तू दोघीच समोरासमोर. तासांची वही दर शुक्रवारी लिही आणि त्याच दिवशी सही घे. सुपरवायझर नोकरी बदलतात, निवृत्त होतात, आजारी पडतात, आणि दोन वर्षांनी त्यांना शोधत फिरणं म्हणजे मनस्ताप. त्यांचं स्वतःचं लायसन्स चालू आहे का, हे बोर्डाच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतं. तू न लाजता बघून घे. नातेवाईक सुपरवायझर चालत नाही आणि देखरेखीसाठी तू पैसेही द्यायचे नसतात. तेव्हा मावशीकडे तास मागायला येऊ नकोस, जेवायला ये.

कागद ठेवीत टाक. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, इंटर्नशिपचं पत्र, तासांचे दाखले यांच्या प्रती तुझ्याकडे असू देत. शिवाय बोर्डांच्या संघटनेची, म्हणजे एएसपीपीबीची, कागदपत्रांची बँक आहे. तिथे खातं उघड. दुसऱ्या राज्यात अर्ज करायची वेळ आली की दाखले तिथूनच पाठवता येतात.

परीक्षा दोन समज. पहिली ईपीपीपी, सगळ्या राज्यांत चालणारी विषयज्ञानाची परीक्षा. २२५ प्रश्न, सव्वाचार तास, पास व्हायला ५००चा स्केल्ड स्कोअर. त्यातल्या ५० प्रश्नांचे गुण धरतच नाहीत, आणि ते कोणते हे कळत नाही. म्हणून विचित्र प्रश्न आला की घाबरू नकोस, पुढे चल. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडू नकोस. दुसरी परीक्षा कॅलिफोर्नियाचा कायदा आणि नीतिनियम यांची. पाठांतर करणारे हिच्यात अडकतात.

तारासॉफ खटला मात्र नीट वाच. १९६९ मध्ये बर्कलेत प्रसेनजित पोद्दार या बंगालहून आलेल्या विद्यार्थ्याने तातियाना तारासॉफचा खून केला. तिला मारण्याचा विचार त्याने थेरपिस्टला आधी बोलून दाखवला होता. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचं रक्षण करणं हेही थेरपिस्टचं कर्तव्य आहे. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९९ मध्ये तसं कर्तव्य मानायला नकार दिला. राज्य बदललंस की गोपनीयतेचा कायदा पुन्हा पहिल्यापासून वाचायचा, तो यासाठी.

क्लायंट कुठे बसलाय ते विचार. व्हिडिओवरच्या सेशनला क्लायंट ज्या राज्यात बसलेला असतो तिथला कायदा लागतो. दर वेळी सुरुवातीलाच विचार, ‘आज कुठून बोलताय?’, आणि उत्तर नोंदीत लिही. अडचण आली तर मदत कुठे पाठवायची तेही त्यातून कळतं. चाळीसहून अधिक राज्यांनी सायपॅक्ट नावाचा आपसातला करार केलाय. त्यातल्या एका राज्याचं लायसन्स आणि वेगळी परवानगी असली की बाकीच्या सदस्य राज्यांत व्हिडिओवर काम करता येतं, आणि प्रत्यक्ष जाऊन वर्षाला ३० दिवस. कॅलिफोर्निया त्यात नाही, हे भाड्याच्या घराचा करार करण्याआधी लक्षात असू दे. आणि सायपॅक्टची हद्द अमेरिकेपुरतीच. क्लायंट पुण्याला गेला की तिथला कायदा वेगळा बघावा लागतो.

लायसन्स मिळाल्यावर. ते दर दोन वर्षांनी नवं करायचं, त्यासाठी कॅलिफोर्नियात ३६ तासांचं शिक्षण लागतं. ते शेवटच्या महिन्यावर ढकलू नकोस. क्लायंटची फाइल काम संपल्यापासून सात वर्षं सांभाळायची, आणि क्लायंट अल्पवयीन असेल तर तो अठराचा झाल्यापासून सात. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाची फाइल तो पंचवीसचा होईपर्यंत तुझ्या कपाटात. घर बघताना हेही धर.

शेवटचं. नियम बदलत राहतात, म्हणून सीनियर सांगतात ते आणि मी सांगते तेही फक्त ऐकून घे. शंका आली की बोर्डाला ईमेल कर, आलेलं उत्तर तारखेसकट छापून ठेव. फोनवर कोण काय बोललं ते बोर्ड मानत नाही, आणि वाद झालाच तर तुझ्या बाजूने तो कागदच बोलेल.

तुझी,
मावशी