प्लाय घेण्याआधी

पुणे

चि. छोटीस,


ताईने पाठवलेला तुझ्या टेबल टेनिसच्या उपांत्य सामन्याचा व्हिडिओ दोनदा पाहिला. टेबलापासून मागे गेलीस की तुझे टॉपस्पिन आखूड पडत होते. पाय वेळेवर पोहोचत होते, हातही पूर्ण फिरत होता, तरी चेंडूत जोर उरत नव्हता. वर्षापूर्वी कार्बनचा प्लाय, म्हणजे बॅटच्या रबरांखालचं कार्बनचा थर असलेलं लाकडी पातं, मागितला असतास तर मी नाही म्हटलं असतं. आज हो म्हणतो. तुझ्याजवळ सात हजार रुपये जमलेत, तेवढ्यात उत्तम काम होईल. फक्त कार्बन नेमकं काय करतो, ते आधी समजून घे.

चेंडू आदळला की लाकूड किंचित वाकतं आणि थरथरतं. त्यात थोडा जोर जिरतो, पण त्याच क्षणात चेंडू रबरात रुततो आणि तुला त्याला फिरकी देता येते. कार्बनचा थर प्लायला ताठ करतो. मग चेंडू वेगाने सुटतो, आणि मधोमध न लागता कडेला लागला तरी फारसा मरत नाही. २००० साली चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० झाला, २०१४ पासून सेल्युलॉइडच्या जागी प्लास्टिक आलं. चेंडू संथ झाला, फिरकीही घटली, म्हणून आक्रमक खेळाडूंना हा ताठपणा अधिकच हवासा झाला. त्याची किंमत मात्र पुश, ड्रॉप आणि सर्व्हिस घेताना मोजावी लागते. तिथे चेंडू वर उडतो, आणि समोरचा त्याचीच वाट पाहत असतो.

माझ्याकडून ही चूक झाली होती. कॉलेजात असताना दुकानातला सगळ्यात वेगवान कार्बन प्लाय घेतला. चेंडू टेबलाबाहेर जायला लागला, तसा मी नकळत हात आखडता घेऊ लागलो. सहा महिन्यांत माझा लूप, म्हणजे हात पूर्ण फिरवून मारलेला टॉपस्पिन, गेला आणि उरला नुसता ढकललेला ड्राइव्ह. तो लूप परत आणायला पुढे दोन वर्षं लागली. वेगवान प्लाय हाताला भीती शिकवतो. तुझा हात आज मोकळा फिरतो, आणि तो तसाच राहावा एवढ्याचसाठी हे पत्र.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचार: कार्बन कुठे आहे? बाहेरच्या पापुद्र्याला लागून, की आत, मधल्या लाकडाला लागून? बाहेर असेल तर हलक्या स्पर्शातही तो जाणवतो. आत असेल तर पुश-ड्रॉपला लाकूडच बोलतं, आणि हात जोरात फिरला की कार्बन जागा होतो. तुझ्यासाठी आतला. दुसरा प्रश्न: निव्वळ कार्बन आहे, की अ‍ॅरिलेटबरोबर विणलेला? अ‍ॅरिलेटचा धागा थरथर शोषतो, त्यामुळे हाताला चेंडू कळतो. तुझ्यासाठी विणलेला.

बटरफ्लायचा १९९३ सालचा व्हिस्कारिया आणि टिमो बोल एएलसी हे बाहेरच्या थराचे नामांकित प्लाय. त्याच कंपनीचा इनरफोर्स आणि डीएचएसचा हरिकेन लाँग ५ आतल्या थराचे. हे सगळे तुझ्या बजेटच्या पलीकडचे, पण रचना कुणाच्या एकट्याच्या मालकीची नाही. चीनच्या यिन्हे कंपनीचा प्रो-०१ आतल्या थराचा आहे आणि बराच स्वस्त पडतो. त्यांचाच व्ही-१४ प्रो बाहेरच्या थराचा, तो सध्या नको.

स्वस्त घेतला म्हणून मन खट्टू करू नकोस. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्लायच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचाच असावा लागतो, आणि धाग्याचा एक थर ०.३५ मिलिमीटरहून जाड चालत नाही. म्हणजे महागातला महाग कार्बन प्लायसुद्धा मुख्यतः लाकूडच. लाकूड म्हटलं की एकाच नावाच्या दोन नगांतही फरक आला. म्हणून जमलं तर दोन-तीन नग हातात घेऊन बघ. वजन ८५ ते ८८ ग्रॅम असू दे. दोन्ही रबरं चढली की बॅट १८० ग्रॅमच्या आसपास जाते, आणि त्याहून जड बॅट तुझ्या मनगटाला तिसऱ्या गेमनंतर जाणवेल. पात्यावर चेंडू टपटप वाजवून आवाज ऐक. जितका उंच, तितका प्लाय ताठ. त्यातल्या त्यात खालच्या आवाजाचा निवड. मूठ आत्ताच्या बॅटसारखीच घे, एका वेळी एकच बदल. फार स्वस्तात नामांकित प्लाय देऊ करणाऱ्याकडे फिरकू नकोस, नकली माल पुष्कळ आहे.

सगळे पैसे प्लायवर घालवू नकोस. प्लाय जपला तर वर्षानुवर्षं टिकतो, रबर रोजच्या सरावात काही महिन्यांत गुळगुळीत होतं, आणि मेलेल्या रबराला कोणताही कार्बन जिवंत करत नाही. निम्म्याहून कमी प्लायला, बाकी दोन रबरांना. स्पंज २ मिलिमीटरचा पुरे. पहिलं रबर लावण्याआधी प्लायला वॉर्निशचा पातळ हात दे, म्हणजे रबर सोलताना लाकडाचे पापुद्रे निघणार नाहीत.

नवी बॅट आली की पहिले पंधरा दिवस सामना खेळू नकोस. रोज आधी पन्नास पुश, मग पन्नास लूप, हात पूर्ण फिरवून. चेंडू बाहेर गेला तर जाऊ दे, पण हात आखडू नकोस. पंधरा दिवसांनीही हात आखडत असेल तर जुना लाकडी प्लाय काढ आणि मला कळव. त्यात कमीपणा नाही. हात मोकळा राहिला तर पुढचा व्हिडिओ पाठव, मी वाट पाहतो.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
मामा